स्वेच्छेने सोडलं, की सोडायला लावलं?

जुन्या परंपरा का लोपतात, यावर एक मत ऐकू येतं की लोक त्या स्वखुशीने सोडतात, कुणी जबरदस्ती करत नाही. आज मोबाइलवरच्या मनोरंजनापायी परंपरा सुटतात, तेवढ्यापुरतं हे अर्धंमुर्धं पटतं. पण वसाहतींच्या काळाला ते लावू नका राव.

कॅनडाचंच बघा. पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या 'पॉटलॅच' समारंभावर 1885 पासून कायद्याने बंदी होती. यजमान जमवलेली संपत्ती पाहुण्यांना वाटून टाकतो आणि त्यातून नावं, हक्क, वारसा यांवर सर्वांसमक्ष शिक्कामोर्तब होतं, असा हा सोहळा. म्हणजे बंदी नुसत्या नाचगाण्यावर नव्हती, अख्ख्या समाजव्यवस्थेवर होती. 1921 मध्ये एका मोठ्या पॉटलॅचनंतर धरपकड झाली. मुखवटे आणि तांब्याचे मानाचे पत्रे सरकारजमा करा, शिक्षा स्थगित करतो, असा सौदा पुढे आला! ज्यांनी तो मानला नाही ते तुरुंगात गेले. मुखवटे संग्रहालयांत पोचले, काही तर न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाला विकले गेले. बंदी उठली 1951 ला. याला स्वेच्छा म्हणायचं?

शाळांचा मार याहून खोल. हवाईत 1896 च्या कायद्याने शिक्षणाचं माध्यम इंग्रजी झालं आणि घरोघरी तिथली हवाईयन भाषा मागे पडली. पोराचं भलं व्हावं म्हणून आईबापांनीच ती बोलणं टाळलं, हे खरं. पण भल्याच्या बाकीच्या वाटा आधी कुणी बुजवल्या होत्या, ते विचारायला नको?

आणि गेलेलं परत येतच नाही असंही नाही. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी 1982 पासून बालवाड्या काढून आजीआजोबांची भाषा थेट नातवंडांच्या तोंडी घातली. हवाईवाल्यांनी तोच कित्ता गिरवला.