तालमीतर्फे गच्चीवरच्या भाजीची कार्यशाळा: 25 घरं, सुरुवात कशी करावी?

गल्लीची_गच्ची (मंगळवार पेठ, कोल्हापूर)
दसऱ्यानंतर आमच्या तालमीतर्फे गल्लीतल्या 25 घरांना भाजीपाला लावायला शिकवायचं ठरलंय. अंगण कुणालाच नाही, सगळ्यांच्या स्लॅबच्या गच्च्या. एका रविवारी तज्ज्ञांचं भाषण, मग प्रत्येक घराला कुंडी आणि बियांची पाकिटं, असा बेत आहे. पण असल्या कार्यक्रमांनंतर दोन महिन्यांत कुंड्या रिकाम्या दिसतात. ते टाळायचं कसं? आणि सोबत एखादं फळझाड द्यावं का?

चिपाड_खत
भाषण काढून टाका आणि एकाऐवजी चार रविवार धरा. पहिल्या रविवारी प्रत्येक घरानं स्वतःच्या हातानं माती कालवून पेरायचं. दुसरा लगेच पुढच्या आठवड्यात, कारण रोपं मरतात ती पहिल्या पंधरवड्यातच. तिसरा महिन्यानं, मेथी काढायला. चौथा दीड महिन्यानं, कीड आणि पुढची पेरणी.

कुंडीपेक्षा मार्केट यार्डातले टोमॅटोचे जुने क्रेट बरे. बाजूंना भोकं असतात, जादा पाणी थांबत नाही. आतून शेडनेट किंवा गोणपाट लावा. नुसत्या काळ्या मातीनं भरलेला क्रेट भिजल्यावर 75-80 किलोंचा होतो, वर ती माती वाळली की भेगाळते. त्यामुळे क्रेटला साधारण सहा घमेली धरून असं मिश्रण करा: तीन घमेली कुजलेलं चिपाड आणि पालापाचोळा, दोन घमेली मुरलेलं शेणखत, एक घमेलं तांबडी माती, वर 100 ग्रॅम निंबोळी पेंड. वजन जवळजवळ निम्म्यावर येतं.

चिपाड रसवंतीवर फुकट मिळतं, पण ताजं कधीच भरू नका. उरलेल्या साखरेला मुंग्या लागतात हे एक. दुसरं जास्त वाईट: ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खातात आणि रोपं पिवळी पडतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी ओततात, आणि मग मुळं सडतात.

कुजवायला 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. सावलीत तीन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, मग दहापट पाणी घाला. चिपाड त्यात दिवसभर बुडवा आणि ढीग लावून झाका. आठवड्याला एकदा उलथा. मुठीत दाबलं की एक-दोन थेंब गळावेत, इतकीच ओल. दोन महिने लागतात, म्हणून ढीग आत्ताच पत्र्याच्या आडोशाला लावा. घरच्या काडीकचऱ्यावर बाग करायची ही वाट कोल्हापुरातच श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून दाखवली होती. नव्या पिढीला ती माहीत व्हायलाच हवी.

बियाण्याचा_डबा
पाकिटं वाटण्याआधी बी तपासा. ओल्या फडक्यात 20 दाणे गुंडाळून ठेवा. मेथीचे चार दिवसांत 15 तरी उगवले नाहीत तर ते बी देऊ नका.

पहिल्या क्रेटला मेथीच. क्रेटला 15-20 ग्रॅम पुरते, 25-30 दिवसांत जुडी हातात. कोथिंबिरीत हमखास फसगत होते, कारण लोक अख्खे धणे टाकतात. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेनं हलकं रगडून दोन पाकळ्या वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. तरी वर यायला आठ-दहा दिवस लागतात, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर पाचव्या दिवशी माती उकरून बघतात आणि कोंब मोडतात.

लाल माठाचं बी बारीक, चिमूटभर बी मूठभर वाळूत मिसळून फेका. पेरल्यावर जुनी साडी अंथरा, पारवे दाणे टिपतात. कोंब दिसले की त्याच दिवशी साडी काढा.

वेल_आणि_फळं
फळझाड पहिल्या दिवशी नको. चौथ्या रविवारी, ज्यांचे क्रेट हिरवे आहेत त्यांनाच द्या. 200 लिटरच्या पिंपाचा अर्धा भाग आणि कागदी लिंबाचं कलम हे गच्चीला सगळ्यात सोपं. पपईला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, आपल्या आषाढात ती पिंपात सडते.

दुधी उन्हाळ्यात द्या, पण हे शिकवूनच: फूल संध्याकाळी उमलतं, आणि गच्चीवर तेव्हा परागीभवन करणारे किडे फार फिरकत नाहीत. कोवळी दुधी पिवळी पडून गळते ती बहुतेक याचमुळे, खत कमी पडून नव्हे. फुलामागे इवलासा दुधी दिसला तर ती मादी. नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवा आणि त्याचा पिवळा दांडा मादीच्या मध्यावर हलकेच फिरवा.

गल्लीची_गच्ची
ढीग या रविवारीच लावतो. स्लॅब गळेल या भीतीनं तीन-चार घरं मागं हटताहेत, त्यांना काय सांगू?

चिपाड_खत
भीती रास्त आहे. क्रेट जमिनीला टेकवू नका, चार कोपऱ्यांखाली विटा ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि स्लॅब वाळतो. भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवरच ठेवा, मधोमध नको. पाणी रोज ठरावीक नाही: बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच अंदाजे दोन लिटर. ज्या स्लॅबला आधीच ओल आहे, तिथं दुरुस्ती होईपर्यंत क्रेट नकोच. त्या घराचा क्रेट शेजारच्या गच्चीवर ठेवा.