न्यू जर्सीची प्रायमरी, ५ फेब्रुवारी २००८: हिलरी की ओबामा?

एडिसनकर
उद्या वीसहून अधिक राज्यांबरोबर आपल्या न्यू जर्सीतही डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारे पक्षांतर्गत मतदान, आहे. तिसरे इच्छुक जॉन एडवर्ड्स यांनी गेल्या बुधवारी माघार घेतली (मतपत्रिकेवर त्यांचे नाव आधीच छापले गेल्यामुळे ते तसेच राहणार आहे), तेव्हा खरी निवड हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यातच करायची आहे. माझे मत हिलरींना आहे आणि त्याचे कारण आरोग्यविमा. दोघांच्या योजना शेजारी ठेवून वाचल्या तर बरेचसे मुद्दे सारखेच निघतात. मात्र हिलरींच्या योजनेत प्रत्येकाने विमा घेणे सक्तीचे आहे, तर ओबामांची सक्ती फक्त मुलांपुरती आहे. आजारी माणसाला विमा नाकारता येणार नाही असा नियम करायचा आणि धडधाकट माणसाला आजारी पडेपर्यंत थांबण्याची मुभा द्यायची, मग हप्ते भरणार कोण? सुमारे ४ कोटी ७० लाख लोक विम्याविना असताना अशी पळवाट ठेवणे मला पटत नाही.

नदीपारचा
सक्ती कागदावर शोभून दिसते. ऐपत असूनही जे विमा घेणार नाहीत त्यांच्या पगारातून पैसे कापणार का, या प्रश्नावर हिलरींनी कालच्या मुलाखतीत तो पर्याय नाकारला नाही. (काल सगळे जायंट्सच्या फुटबॉल सामन्यात गुंतलेले, त्यामुळे याकडे फार कुणाचे लक्ष गेले नसावे.) पण माझा आक्षेप याहून जुना आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये इराक युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्ष बुश यांना देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला, तेव्हा हिलरी त्या ७७ जणांत होत्या. त्याच महिन्यात ओबामा शिकागोच्या सभेत या युद्धाला जाहीर विरोध करत होते. ज्या एका प्रसंगी पारख व्हायची होती तिथे ज्यांचा निर्णय चुकला, त्यांच्या अनुभवाचे कौतुक मी का करावे?

एडिसनकर
ओबामा तेव्हा इलिनॉयच्या विधिमंडळात होते. तिथून युद्धाला विरोध करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होते. जानेवारी २००५ मध्ये ते सिनेटमध्ये आले आणि त्यानंतर युद्धाच्या खर्चाला त्यांनीही हिलरींप्रमाणेच मंजुरी दिली. मे २००७ मध्ये दोघांनी विरोधी मत दिले, तेही एकाच दिवशी.

जुनी मतदार
एडिसनकर, खर्चाला मंजुरी देणे आणि युद्धाला संमती देणे यांत फरक आहे. सैन्य तिथे जाऊन पोहोचल्यावर रसद तोडणे कुणालाही सोपे नसते. शिवाय ज्या आरोग्यविम्यासाठी तुम्ही हिलरींना मत देता आहात, तो विषय १९९३ मध्ये, पती बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांच्याच हाती होता. बंद दाराआड भलामोठा मसुदा तयार झाला, स्वपक्षाचे खासदारही दुरावले आणि १९९४ मध्ये सगळे बारगळले. तेव्हा संसदेची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅट्सच्याच ताब्यात होती, हे विसरू नका.

तळ्यात मळ्यात
आपल्या मंडळींपैकी कुणी गेल्या जूनमधल्या त्या टिपणाचा विषय काढत नाही याचे नवल वाटते. ओबामांच्या प्रचारकांनी हिलरींना 'पंजाबच्या डेमोक्रॅट' म्हणून हिणवले होते, आणि रोख होता भारतीयांकडून त्यांना मिळणाऱ्या देणग्यांवर. ओबामांनी नंतर चूक कबूल केली, तरी मला ते टोचले.

नदीपारचा
टोचले मलाही. पण भारताच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखे फारसे नाही. डिसेंबर २००६ मध्ये भारत-अमेरिका अणुकराराचा मार्ग मोकळा करणारा कायदा झाला, त्याच्या बाजूने दोघेही होते.

एडिसनकर
१९९४ चे अपयश मान्य. तरीही मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये केलेल्या कायद्यात सक्ती आहे, आणि तो तिथले तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या सहीने झाला. रिपब्लिकन गव्हर्नरला जी अट चालली ती ओबामांना प्रौढांच्या बाबतीत का नको, याचे उत्तर इथे अजून कुणी दिलेले नाही.

तळ्यात मळ्यात
मी कोणत्याच पक्षात नोंदलेला नाही. उद्या केंद्रावर जाऊन डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागितली की माझी त्या पक्षात नोंद होईल, त्याला माझी हरकत नाही. केंद्र रात्री आठपर्यंत उघडे आहे. सक्तीच्या प्रश्नाचे उत्तर तोवर मिळाले तर बरे, नाहीतर माझे मत सध्या तरी हिलरींकडे झुकते आहे.