बांधावरच्या नाकतोड्यांना बुरशी लावायची की दवाच मारायची?

सांवेरची सून
सोयाबीन एकवीस दिवसांचं झालंय. बांधाकडच्या सात-आठ ओळींत पानांच्या कडा करवतीनं कापल्यासारख्या दिसतात. सकाळी बांधावरून चाललं की पायापुढून नाकतोड्यांची पिल्लं लाह्या फुटाव्यात तशी उडतात. पंख अजून फुटलेले नाहीत. सासऱ्यांनी क्लोरपायरीफॉसची बाटली आणून ओट्यावर ठेवलीये. मी दोन दिवस मागून घेतलेत, कारण मला यंदा मेटारायझियम ही किडे मारणारी बुरशी मारून बघायचीये.

ही बुरशी किड्याच्या पोटात जावी लागत नाही. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, अंगाला चिकटला की तिथेच रुजतो, कवच पोखरून आत शिरतो आणि रक्तात वाढत जातो. तिला पंचवीस-तीस अंशांची हवा मानवते. आपल्या माळव्यात जुलै-ऑगस्टात दुसरं काय असतं? शिवाय त्याच बांधावर आमची गाय चरते, बगळे तेच नाकतोडे टिपतात. हे विषाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हिशेबात धरावं. मत पटत नसेल तर खोडा.

छावणीवाला
वहिनी, आधीच सांगून देतो, माझं दवांचंच दुकान आहे. पण बाटलीवर जास्त सुटतं म्हणून बोलत नाहीये, उलट जैविक मालावर बरं सुटतं.

अडचण दिवसांची आहे. बुरशीनं किडा मरायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. ग्राहक तिसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन उभा, ‘भिया, सगळे जिवंत आहेत!’ दुसरी गोष्ट, बीजाणू जिवंत असतात. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात जे पाकीट तापून निघालं, त्यात जुलैत काय उरलं असेल? मी स्वतः असा माल विकलाय. पुढच्या हंगामात त्या लोकांनी रामराम घालणंसुद्धा बंद केलं.

मास्तर, सुदामानगर
मे २०२० आठवतोय का? नीमच-मंदसौरकडून टोळधाड आली तेव्हा गावोगाव थाळ्या बडवल्या, रात्री टँकर लावून फवारे मारले. टोळांचा थवा वारा मिळाला तर दिवसात शंभर-दीडशे किलोमीटर जातो. त्यावर दहा दिवसांनी गुण येणारी बुरशी मारली असती तर आपले टोळ मेले असते, पण चार जिल्हे खाऊन. संकट दारात असताना प्रयोग नको, एवढंच माझं मत.

सांवेरची सून
काका, टोळधाड वेगळी आणि बांधावरचा नाकतोडा वेगळा. माझी पिल्लं पंख फुटेपर्यंत त्याच बांधावर राहणार आहेत. शिवाय आजारी किडा मरायच्या आधीच खाणं कमी करतो. दहा दिवस म्हणजे दहा दिवस पोटभर जेवण, असा हिशेब नाही.

आणि बुरशी आपल्या शेतात नवी थोडीच आहे? सप्टेंबरात सोयाबीनच्या पानावर पांढरी, चुन्यात बुडवल्यासारखी ताठ अळी चिकटलेली तुम्हीही पाहिली असेल. दोन-तीन दिवसांनी तीच पोपटी होते. ती याच कुळातल्या बुरशीनं मेलेली असते. तिला फवारायला कोण गेलं होतं?

रामबागेतला
मी या विषयात शिकतोय, म्हणून ताईंच्या बाजूनं बोलायला आलो होतो. पण आधी एक खोट दाखवतो.

नाकतोड्यांवर जगभर जी बुरशी गाजली ती मेटारायझियम ॲक्रिडम. १९८९ पासून पुढं आफ्रिकेत तिच्यावर काम झालं, नायजरमधल्या एका वाणापासून ‘ग्रीन मसल’ नावाचं औषध तयार झालं. ऑस्ट्रेलियात ‘ग्रीन गार्ड’ आहे. २००९ मध्ये टांझानियात लाल टोळांवर मारलं, २०२० मध्ये सोमालियात वाळवंटी टोळांवर. म्हणजे मास्तर, धाडीवरही मारतात, पण थवा उडायच्या आधी, पिल्लं जमिनीवर असताना.

आपल्या दुकानात मिळतं ते बहुतेक मेटारायझियम ॲनिसोप्ली, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी. भाऊबंदच, पण नाकतोड्यावर तेवढं धारदार नाही. आता आकडे बघा. आफ्रिकेत हेक्टरी ५० ग्रॅम बीजाणू, म्हणजे अडीच लाख कोटी. आपल्या पाकिटावर ग्रॅमला १० कोटी लिहिलेलं असतं. हेक्टरी अडीच किलो टाकलं तरी २५ हजार कोटी होतात. दहावा हिस्सा! तेही पाकिटावरचा आकडा खरा धरून. शिवाय तिथं तेलात कालवून मारतात. तेल कवचाला चिकटतं, बीजाणूला उन्हापासून थोडं वाचवतं आणि हवा कोरडी असली तरी निभावतं. आपण पाण्यात घोळून भर दुपारी मारतो.

छावणीवाला
घ्या! म्हणजे मी म्हणत होतो तेच.

रामबागेतला
नाही हो काका. तुम्ही म्हणता बुरशी कुचकामी, मी म्हणतो आपण ती अर्धीमुर्धी वापरतो. एकाच दवाखान्यात दोन आजारांना एकच गोळी देण्यासारखं झालं.

बांधावरचा बगळा
तुमच्या वादात नाकतोड्याला कुणी विचारलंच नाही. तो आजारी पडला की उन्हात जाऊन अंग शेकतो, चाळीस अंशांच्या आसपास नेतो. त्या तापात बुरशी थंड पडते. म्हणून ढग असतील तेव्हा, संध्याकाळी मारा. कडक उघडीप लागली की तो बरा व्हायला लागतो.

आणि पिल्लं आली कुठून? मादी बांधाच्या घट्ट मातीत अंड्यांचा गठ्ठा पुरते. एप्रिल-मेमध्ये बांधाचं तोंड कुदळीनं तासलं की गठ्ठे उघडे पडतात, ऊन आणि मैना उरलेलं काम करून टाकतात. आमच्या वडिलांच्या वेळी हे दरवर्षी व्हायचं. आता मजूर मिळत नाही आणि बांध तासायला सांगितलं की शेजारी पटवाऱ्याला बोलावतो.

मास्तर, सुदामानगर
शेवटचं वाक्य लाख मोलाचं. आमचा अर्धा बिघा असाच गेला.

सांवेरची सून
बगळेदादा, तासायची वेळ आता गेली. सध्याचं बोला. मी असं करते: पिकात काही नाही, फक्त बांध आणि कडेच्या चार ओळींवर बुरशी. प्रमाण पाकिटाच्या दुप्पट, थोडं खाद्यतेल आणि फेस धरण्यापुरतं साबणपाणी. पंप नवा, कारण जुन्यात मागच्या आठवड्यात बुरशीनाशक होतं.

छावणीवाला
पंपाचं बरं सुचलं तुम्हाला. निम्मे लोक तिथंच मार खातात. पण वहिनी, शेतात गुण आला हे कळणार कसं? पाऊस पडला तरी नाकतोडे कमी होतात. दोन बरण्या घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड. एकीत फवारलेले वीस, दुसरीत तुमच्या बांधापासून लांबचे वीस. रोज ताजी पानं. जो मरेल तो ओल्या कापसावर ठेवा. अंगावर हिरवा भुगा आला तर बुरशी, नाही तर गुदमरून मेला.

सांवेरची सून
अकरावा दिवस. फवारलेल्या बरणीत बारा मेले, दुसरीत पाच. बारांपैकी सातांवर हिरवा थर आलाय, पायांच्या सांध्यांपासून सुरू झाला. पाचांपैकी एकावरही नाही. सासऱ्यांनी बाटली ओट्यावरून उचलून माळ्यावर ठेवली, फोडली नाही आणि परतही केली नाही.

छावणीवाला
वीसातले आठ अजून खाताहेत, तेही मोजा. आणि पाकीट कुठल्या दुकानातून घेतलंत? माझ्याकडचं तर नव्हतं ना?

सांवेरची सून
तुमच्याकडचंच होतं. तारीख बघून, फ्रिजमधलं मागितलं होतं. आता सासूबाई विचारताहेत, लोणच्याच्या बरण्या कधी परत देतेस.