गोव्यात पहिल्यांदाच फॅमिली क्वार्टर: यजमान कोर्सला जाण्याआधी काय काय मार्गी लावावे?

खटावची_लेक:

नमस्कार. माझे यजमान लष्करात हवालदार आहेत. लग्न झाल्यापासून मी खटाव तालुक्यात सासरीच राहत होते, कारण त्यांची नेमणूक बहुतेक वेळा फील्डला असे आणि तेथे कुटुंब नेता येत नसे. आता पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येईल अशा ठिकाणची नेमणूक, मिळून आम्ही गोव्यात आलो आहोत आणि बांबोळी कॅम्पात क्वार्टरही मिळाले आहे. मुलगी तिसरीत असून आतापर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली. मुलगा अजून लहान आहे. सामान लागले, पण घर लागले असे वाटत नाही. एका बाजूला ओडिशाचे कुटुंब आहे, दुसऱ्या बाजूला तमिळनाडूचे. दोघी शेजारणी आपुलकीने बोलतात, परंतु माझे हिंदी तोडकेमोडके असल्यामुळे बोलणे चार वाक्यांतच संपते.

खरी काळजी पुढची आहे. यजमानांना लवकरच काही महिन्यांच्या कोर्ससाठी परराज्यात जावे लागणार आहे. सासरी असताना ते नसले तरी सासूबाई, दीर, जाऊबाई अशी माणसे हाकेच्या अंतरावर होती. येथे मुलांना ताप आला, नळाचे पाणी गेले किंवा शाळेने एखादा कागद मागितला, तर मी कोणाकडे जायचे? मुलीच्या शाळेचे काय करावे, आणि माझे डी.एड. झालेले असल्याने येथे नोकरीची काही शक्यता आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

सुभेदारांच्या_घरून:

ताई, आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे अशी बरीच क्वार्टर्स मी लावली आणि उठवली आहेत. तुमच्या काळजीत नेमके बोट ठेवावे असे एकच ठिकाण मला दिसते: आज तुमच्या घरातील प्रत्येक काम यजमानांच्या हातून होते. ते जाण्यापूर्वी ती सर्व कामे तुमच्या हातून, तुमच्या नावाच्या कागदावर होऊ लागली पाहिजेत.

सर्वांत आधी त्यांना युनिटच्या ऑफिसात विचारायला सांगा, की लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या सेवा-नोंदीत बदल लिहिणाऱ्या युनिटच्या आदेशाने, झाली आहे का, आणि नावांचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळते का. तुम्ही इतकी वर्षे गावी होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. गावी राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत धाकट्या मुलाची नोंद मागे राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती नसेल तर मुलाचे डिपेंडंट कार्डही, म्हणजे जवानावर अवलंबून असलेल्यांचे ओळखपत्र, अडते. तुमचे स्वतःचे कार्ड तयार असेल, तर त्याची एक प्रत घरात आणि एक पर्समध्ये असू द्या. कॅन्टीनचे कार्ड आणि त्याचा पिन तुमच्याकडे हवा. बँकेचे खाते दोघांच्या नावावर असावे.

क्वार्टर ताब्यात घेताना मार्चिंग इनच्या, म्हणजे घरातील वस्तू आणि त्यांची स्थिती लिहिलेल्या, यादीवर सही झाली असेल. ती यादी एकदा हातात घेऊन घरभर फिरा. पंख्याचा रेग्युलेटर, खिडकीची तडकलेली काच, न्हाणीघरातील गळका नळ, जे मुळातच बिघडलेले आहे त्याची नोंद आत्ताच एमईएसच्या (क्वार्टर्सची देखभाल करणाऱ्या लष्करी अभियंता सेवेच्या) तक्रार वहीत करून घ्या. मार्चिंग आऊटच्या, म्हणजे क्वार्टर सोडण्याच्या, वेळी हेच नुकसान तुमच्या नावावर लागू शकते, आणि तोपर्यंत पहिली गोष्ट कोणाला आठवत नाही.

शेजारणींबद्दल सांगते. हिंदी सुधारेपर्यंत थांबू नका. ओडिशाची आणि तमिळनाडूची ताईसुद्धा हिंदी शिकूनच बोलत असणार, त्यामुळे चुका मोजायला तेथे कोणी बसलेले नाही. कॅम्पात रात्री-अपरात्री दार वाजवायचे ते शेजारचेच असते. फॅमिली वेल्फेअरची मीटिंग असेल तेव्हा मागच्या रांगेत बसून परत येऊ नका. घराचे छत गळत असेल तर तेथे उभे राहून सांगा. ती बैठक त्यासाठीच असते. आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे आपली आवा, 1966 पासून हेच काम करते आहे. अधिकाऱ्यांच्या पत्नींसमोर जवानाच्या पत्नीने कसे बोलावे हा संकोच मनातून काढून टाका.

वास्को_मांगोरहिल:

काकूंनी लिहिलेले सर्व अगदी योग्य आहे. माझे यजमान नौदलात आहेत. आमच्याकडे जहाज समुद्रात गेले की फोनही लागेलच असे नसते, त्यामुळे आम्ही एक पद्धत ठेवली आहे. ते निघण्याच्या आधी एक आठवडा ते घरी असूनही सर्व कामे मी एकटीने करते, ते फक्त पाहतात. रुग्णालयात मुलाला मीच नेते, तक्रार मीच नोंदवते, गॅस मीच मागवते. कोठे अडते ते त्या आठवड्यात कळते आणि विचारायला माणूस घरात असतो. तुम्हीही मुलांना घेऊन एकदा पणजीच्या मिलिटरी हॉस्पिटलला जाऊन या. कोणती खिडकी, कोणती वही, लहान मुलांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, हे मूल आजारी नसतानाच पाहून ठेवलेले बरे. खरोखरच तातडी आली तर गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, तुमच्या कॅम्पपासून अगदी जवळ आहे. तेथे आधी मुलाला न्यावे आणि मिलिटरी हॉस्पिटलला व युनिटला लगेच कळवावे.

नोकरीबाबत स्पष्ट लिहिते, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. गोवा सरकारच्या शिक्षक भरतीत पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागतात, त्यामुळे आपल्यासारख्या बदलीवर आलेल्यांसाठी तो मार्ग जवळपास बंदच समजावा. मात्र केंद्रीय विद्यालये वर्ष सुरू होण्याच्या सुमारास कंत्राटी शिक्षकांसाठी मुलाखती घेतात. प्राथमिक वर्गांसाठी डी.एड. चालते, त्याला सीटीईटीची, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेची, जोड असेल तर तुमची बाजू बळकट होईल. ती परीक्षा देऊन ठेवा. ते प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य धरले जाते आणि पुढच्या कोणत्याही गावी उपयोगी पडते.

आणखी एक. पावसाळ्याआधी काळ्या ट्रंका जमिनीवरून उचलून विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर दूर सरकवा. येथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतीला टेकलेल्या ट्रंकेतील लोकरी कपड्यांवर जुलैतच पांढरी बुरशी धरते, आणि गणवेशाच्या पट्ट्याचे व बुटांचे चामडे तर त्याही आधी हिरवट पडते.

तिसवाडीकर:

मी लष्करातली नाही, पण तुमच्या कॅम्पच्या बाहेरच्याच गावात राहते, म्हणून लिहिते. गोव्यात मराठी माणसाला परके वाटण्याचे काही कारण नाही. घराघरांत मराठी वर्तमानपत्र येते, देवळात भजन मराठीत होते, जत्रेला मराठी नाटक असते. आम्ही आपापसांत कोकणी बोलतो, तरी तुम्ही मराठीत विचारले तर कोणीही उत्तर देईल.

येथील दिवसाची घडी मात्र समजून घ्या. दुपारी एक ते चारच्या सुमारास पुष्कळ दुकाने बंद असतात, म्हणून औषध किंवा शाळेचे साहित्य सकाळीच आणावे. पणजीला जायला महामार्गावरून सतत बसगाड्या मिळतात. चवथीच्या दिवसांत कोणी घरी बोलावले तर अवश्य जा. गणपतीच्या वर रानातील फळे, वेली आणि नारळांचा घोस बांधून माटोळी सजवतात, ती मुलांना जवळून पाहू द्या. पोटभर जेवल्याशिवाय तुम्हाला कोणी सोडणार नाही.

खटावची_लेक:

सर्वांचे मनापासून आभार. आजच यजमानांना पार्ट टू ऑर्डरविषयी विचारले. धाकट्याची नोंद झाली आहे की नाही हे त्यांनाही खात्रीने सांगता येईना, उद्या ते ऑफिसात पाहणार आहेत. मुलीविषयी अजून एक शंका आहे. कॅम्पातील केंद्रीय विद्यालयात घातले तर तिचे मराठी सुटेल का?

सुभेदारांच्या_घरून:

शाळेसाठी बदलीच्या आदेशाची प्रत आणि सध्याच्या शाळेचा दाखला तयार ठेवा. दुसऱ्या राज्यात जाताना दाखल्यावर बहुधा शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी मागतात, तेव्हा दीरांना सांगून ती तालुक्यातूनच करून घ्या. केंद्रीय विद्यालयात बदलीवर असणाऱ्या सैनिकांच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य असते, पण मराठी शाळेतून येणाऱ्या मुलीला वर्गात जागा रिकामी असावी लागते, म्हणून लगेच चौकशी करा. जागा मिळत असेल तर मी तेथेच घालायला सांगेन, कारण पुढची बदली पंजाबात झाली तरी तिची पुस्तके तीच राहतील.

पहिले काही महिने हिंदी-इंग्रजीमुळे ती गोंधळेल. तुम्ही शिक्षिका आहात, रोज संध्याकाळी थोडा वेळ तिला घेऊन बसा. शेजारच्या मुलांनाही बसवले, तर तिचे हिंदी आणि तुमचे हिंदी दोन्ही सुधारेल.

तिसवाडीकर:

मराठीसाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. कदंब बसस्थानकावरून चालत जाण्याइतके ते जवळ आहे. हे 1832 साली सुरू झालेले जुने ग्रंथालय असून तेथे मराठी पुस्तके भरपूर आहेत आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. सभासदत्वासाठी कोणते कागद लागतात ते तेथील काउंटरवर विचारा, आणि जाताना क्वार्टरच्या पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा.