लोकांदिनाचा वरचा पट्टा कापू नका

कागदवेडा: लोकांदिना, म्हणजे इटालियन चित्रपटाचे उभट छोटे पोस्टर, फ्रेम करण्यापूर्वी तिचा वरचा पट्टा कापून टाकावा, कारण तेथे कुठल्याशा थिएटरचे नाव आणि वार खरडलेला असतो, असा सल्ला काल येथे दिला गेला. नवखे संग्राहक तो वाचून कात्री उचलतील, म्हणून सविस्तर लिहितो. ३३ बाय ७० सेंटिमीटरच्या या कागदाचा वरचा भाग थिएटरमालकाने भरावा म्हणूनच कोरा सोडलेला असे. १९५०च्या दशकात इटलीतला चित्रपट आधी मोठ्या शहरांतल्या पहिल्या फळीच्या थिएटरांत लागे, मग दुसऱ्या-तिसऱ्या फळीत उतरे आणि अखेरीस गावोगावच्या चर्चच्या सभागृहांत पोहोचे. आपल्या हातातला कागद यांपैकी कोठे लागला होता, हे तो पट्टाच सांगतो. बऱ्याच पोस्टरांवर वर्ष छापलेले नसते. कराचा मुद्रांक, छापखान्याची ओळ आणि हा पट्टा यांवरूनच मूळ प्रदर्शन की पुनःप्रदर्शन याचा अंदाज बांधावा लागतो. त्यातला एक पुरावा स्वतःच्या हाताने का नष्ट करायचा?

रंगरेषा: तो सल्ला माझा आहे आणि मी त्यावर ठाम आहे. बालेस्तर, कापितानी, मार्तिनाती यांनी चित्र रंगवले, पट्टा नव्हे. एर्कोले ब्रिनीच्या जलरंगी चेहऱ्यांवर निळ्या पेन्सिलीने खरडलेला ‘शनिवार’ मला भिंतीवर नको. मी चित्रकारासाठी पैसे मोजतो, थिएटरच्या कारकुनासाठी नाही.

तोरिनोवासी: पट्ट्यावरून वाद घालणाऱ्यांना लाइनिंगचा, म्हणजे पोस्टर मागून कापडावर चिकटवण्याचा, उपद्रव दिसत नाही, याचे नवल वाटते. एका विक्रेत्याकडून मी कापडावर चढवलेले दुए फोल्यी, म्हणजे १०० बाय १४० सेंटिमीटरचे पोस्टर, घेतले. घड्यांचे वळ रंगवून बुजवलेले होते आणि मागे खळीऐवजी असा कृत्रिम गोंद होता की आता कापड सोडवताना कागदच फाटेल. इटलीत पोस्टर घडी घालूनच थिएटरांना जात असत. घडी हा दोष नव्हे. ती बुजवणाऱ्यांनी या छंदाची वाट लावली आहे.

खळवाला: एका अडाण्याने गोंद वापरला म्हणून सगळ्या लाइनिंगला शिव्या देणे अन्यायाचे आहे. गव्हाच्या खळीने चढवलेला कागद जाणकार माणूस पाण्याने पुन्हा सोडवू शकतो. क्वात्रो फोल्यी हे त्याहून मोठे पोस्टर दोन कागदांत छापलेले, १४० बाय २०० सेंटिमीटरचे असते. ते कापडाशिवाय कसे टांगायचे, हे आपणच सांगावे. माझ्या वडिलांनी उघडी घडी तशीच ठेवली आणि ती घडीवरच दुभंगली. ते तुकडे आजही माझ्याकडे आहेत.

तोरिनोवासी: टांगायचेच कशाला? सपाट ठेवा. आपल्याला संग्रह नको, दिवाणखाना सजवायचा आहे.

खळवाला: हे बोलणे मागे घ्यावे. ज्या कागदाकडे कोणी पाहतच नाही, तो सपाट ठेवून कोणाच्या उपयोगाचा?

कागदवेडा: लाइनिंगचा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा, ही विनंती. रंगरेषा यांच्या मुद्द्याला मात्र उत्तर हवे. त्रेव्हिझोच्या नांदो साल्चे यांनी १९६२ साली मृत्यूसमयी सुमारे २५ हजार पोस्टरे सरकारच्या स्वाधीन केली आणि आज तेथे त्या संग्रहाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यांनी जमवल्या त्या जाहिराती होत्या. जाहिरात कोठे आणि केव्हा लागली, ही माहिती तिच्यापासून तोडली की उरते ते केवळ छापील चित्र, आणि तसे चित्र हवे असेल तर नवी प्रत पुष्कळ स्वस्तात मिळते.

रंगरेषा: नवी प्रत घ्या, हे सांगणे उद्धटपणाचे आहे. मूळ छपाईतले रंग नव्या प्रतीत उतरत नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक आहे. तरी पुराव्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. यापुढे पट्टा कापणार नाही, माउंटच्या, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, मागे झाकून ठेवीन. तो दाखवण्याची सक्ती मात्र मी मानणार नाही.

कागदवेडा: माउंट आम्लमुक्त असेल आणि पट्टा दुमडला जाणार नसेल, तर माझी हरकत नाही.

तोरिनोवासी: आणि माझ्या त्या गोंदाचे काय करायचे, हे अजून कोणी सांगितलेले नाही.