मानसिक आरोग्याचं सत्र: नक्की कोणासाठी?

प्रेषक: दिलीप

मंडळी, नमस्कार.

डिप्रेशन आणि अँग्झायटीवर एक सत्र ठेवायचं आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत ठरलं. माझा विरोध नाही. पण सत्र एकच, वेळ शनिवारी संध्याकाळी दोन तास, आणि सूचना पाच गटांच्या: तरुण, नव्याने आई झालेल्या, ज्येष्ठ, पुरुष, नुकतेच परदेशात आलेले. सगळ्यांना एकत्र कोंबलं तर कोणाच्याच हाती काही लागणार नाही.

माझं मत, तरुणांसाठी ठेवावं. आमच्या पिढीने हालअपेष्टा काढल्या, पण डिप्रेशन वगैरे भानगड नव्हती. कोणाकडे आकडे असतील तर टाका. मोघम नको.

दिलीप

प्रेषक: विद्या
विषय: उत्तर: मानसिक आरोग्याचं सत्र

दिलीपकाका, आकडे मागितलेत, तर टाकतेच. आरोग्य-सर्वेक्षणांची आकडेमोड हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तुमच्या पिढीचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजात जगभर सुमारे २८ कोटी लोकांना डिप्रेशन होतं आणि ३० कोटींना चिंताविकार, म्हणजे आपण ज्याला अँग्झायटी म्हणतो ते. प्रौढांत डिप्रेशन साधारण ५ टक्के, साठी ओलांडलेल्यांत ५.७. तेव्हा ‘आमच्यात नव्हतं’ हे आकड्यांत काही बसत नाही. तरुणांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (२००५ साली प्रसिद्ध झाली) चिंताविकार सुरू होण्याचं मध्यक वय (म्हणजे निम्म्यांना ज्या वयापर्यंत सुरू झालेला असतो ते) ११ निघालं, डिप्रेशनसारख्या विकारांचं ३०. अकरा म्हणजे शाळेतलं पोर! विशीतल्यांसाठी सत्र ठेवलं तर त्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत आपण दहा वर्षं उशिरा पोचणार.

स्त्रियांमध्ये डिप्रेशन पुरुषांच्या दीडपट. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांत दर दहांत एकीपेक्षा जास्त. पैशाची बाजू तर आणखी ठळक आहे. एकाच समाजात सगळ्यात कमी कमाई असलेल्यांना हे आजार सगळ्यात जास्त कमावणाऱ्यांच्या दीड ते तीन पट आढळतात. खातंपितं घर असलं की सुचणारी ही थेरं आहेत, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. नोकरी गेली की माणूस खचतो, आणि खचलेल्या माणसाची नोकरी टिकत नाही.

पण मला ती पाच गटांची यादीच खटकते. लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी बायकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. निष्कर्ष १९७८ साली आले. मोठा आघात झाला तरी बहुतेकजणी डिप्रेशनमध्ये गेल्या नाहीत. ज्या गेल्या, त्यांच्या बाबतीत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, घराबाहेर काम नाही, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, आणि स्वतःची आई अकराव्या वर्षाच्या आत गेलेली. ही यादी मला जास्त कामाची वाटते.

विद्या

प्रेषक: मंदार

विद्याताई, दीडपट हा आकडा बरोबर असेलही, पण पुरुष सांगतात कुठे? आत्महत्येचं प्रमाण जगभर पुरुषांत बायकांच्या दुपटीहून जास्त आहे. डिप्रेशन कमी आणि आत्महत्या जास्त, हे गणित जुळतं कसं?

माझ्या ओळखीतला एकजण पाठदुखीसाठी डॉक्टर बदलत राहिला. घरी चिडचिड, रात्री ग्लास भरलेला. ‘उदास वाटतं का’ विचारलं की ‘छे, काम जास्त आहे’. कुठल्याही पाहणीत तो ठणठणीतच निघाला असता.

मंदार

प्रेषक: दिलीप

विद्या, एक शंका. मला परवा फॉरवर्ड आला की दहातले चारजण डिप्रेशनमध्ये आहेत. तू म्हणतेस पाच टक्के. आता मंदार म्हणतो, पुरुष सांगतच नाहीत. खरं काय धरायचं?

आणि वयाचं म्हणशील, तर ५ आणि ५.७ मध्ये असा काय मोठा फरक आहे?

दिलीप

प्रेषक: विद्या

काका, फरक फार नाहीच. ज्येष्ठ सुटलेले नाहीत, एवढंच मला म्हणायचं होतं.

फॉरवर्डचं: बहुतेक वेळा असे आकडे प्रश्नावलीतून येतात. सगळ्यात चालणारी म्हणजे पीएचक्यू-९, २००१ सालची. नऊ प्रश्न, सगळे ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असे. कशात रस वाटला नाही, झोप लागली नाही किंवा फार आली, थकवा, भूक, लक्ष न लागणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त झाले की ‘पुढे तपासा’. आता तान्ह्या बाळाची आई झोपेला तीन लिहिणार, थकव्याला तीन, भुकेला एखादा. मन ताळ्यावर असूनही ती सात-आठवर पोचली. ही चाळणी आहे, निदान नव्हे. २०२० मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तीच माणसं, पण प्रश्नावलीने सुमारे २५ टक्के पकडली आणि तज्ज्ञ मुलाखतीत सुमारे १२ टक्के ठरली. तेव्हा आकडा कानावर आला की आधी विचारायचं: चाळणीचा की मुलाखतीचा? आत्ताचा, वर्षभरातला की आयुष्यभरातला?

मंदार, तुझा मुद्दा रास्त आहे आणि तो पुरुषांपुरता नाही. १९९९ मध्ये १४ देशांतल्या दवाखान्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. डिप्रेशन असलेल्यांपैकी ६९ टक्के डॉक्टरकडे फक्त शरीराच्या तक्रारी घेऊन आले होते.

आता ज्या आकड्यांनी मलाच विचारात पाडलं ते सांगते. अमेरिकेत २००७ च्या अभ्यासात आयुष्यात कधीतरी डिप्रेशन झालेले गोरे १७.९ टक्के, आफ्रिकन-अमेरिकन १०.४. वाटेल, बरं आहे की त्यांचं. पण ज्यांना झालं त्यांच्यात ते चिवटपणे टिकलं ते गोऱ्यांत ३८.६ टक्क्यांचं आणि आफ्रिकन-अमेरिकनांत ५६.५ टक्क्यांचं. शिवाय त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना उपचार मिळाले नव्हते. प्रमाण कमी, भोग जास्त. कुठल्याही गटाबद्दल ‘त्यांच्यात कमी असतं’ ऐकलं की मला हे आठवतं.

आपल्यासारख्या स्थलांतरितांचंही असंच फसवं आहे. अमेरिकेतल्या पाहण्यांत बाहेरून आलेल्यांमध्ये हे विकार तिथे जन्मलेल्यांपेक्षा बरेचदा कमी निघतात. मुळात धडधाकट, हिकमती माणूसच देश सोडतो, हे त्याचं एक कारण सांगतात. पण लहानपणीच आलेल्यांत आणि पुढच्या पिढीत ही आघाडी ओसरत जाते. निर्वासितांना तर ती नसतेच. संघर्षग्रस्त भागांत राहणाऱ्यांत पाचातल्या एकाला काही ना काही मानसिक विकार असतो. म्हणून ‘आम्ही इथे येऊन तग धरला’ हे खरं असलं तरी मुलांना लागू पडेलच असं नाही.

विद्या

प्रेषक: मंदार

मग वयाचे गट सोडा. दिवसभर घरी एकटं कोण असतं ते बघा. बाळंतिणी, मुलांकडे राहायला आलेले आईबाबा, नोकरी गेलेले, व्हिसामुळे काम करता न येणारे जोडीदार. कॅम्बरवेलची यादी यांनाच लागू होते. आणि ही मंडळी शनिवारी संध्याकाळी येत नाहीत. त्यांना आणायला गाडी लागते.

प्रेषक: दिलीप

वार बदलायला हरकत नाही. बुधवारी सकाळी सभागृह रिकामं असतं आणि भाडंही कमी. गाड्यांचं मी बघतो, तसा मीही घरीच असतो. शाळकरी मुलांच्या पालकांसाठी वेगळं सत्र नंतर घेऊ, त्याला या वर्षीचं बजेट नाही.

आमंत्रणात ‘ज्येष्ठांसाठी’ हा शब्द मात्र घालू नका, मी येणार नाही. आणि ती नऊ प्रश्नांची यादी सगळ्यांना वाटायची का? लोक शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात.

प्रेषक: विद्या

नको वाटायला. डोकावण्यापेक्षाही मोठी अडचण आहे, काका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कोणी ‘जवळजवळ रोज’ लिहिलं, तर त्याच वेळी बाजूला घेऊन बोलणारं प्रशिक्षित माणूस हजर हवं. वक्त्याला विचारते, सोबत एक समुपदेशक आणता येईल का. जमलं नाही तर यादी पडद्यावर दाखवू, भरून घ्यायची नाही. स्थानिक हेल्पलाइनचा नंबर आमंत्रणावरच छापू.

मंदार, गाडी हवी असलेल्यांची नावं या मेलिंग लिस्टवर मागवू नकोस. खासगी मेल किंवा फोन करायला सांग.