कार्ट कुकीत भरायचं, की कुकीत नुसता बिल्ला ठेवायचा?

खाडीकाठ
परवा इथे फोरमवर एकाने सल्ला दिला: 'आंबा-काजू विकणाऱ्या छोट्या साइटला डेटाबेस कशाला? अख्खं कार्ट कुकीत ठेवा, होस्टिंगचे पैसे वाचवा.' खाली आभारांची रांग लागली. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो. कुकी, म्हणजे साइट गिऱ्हाइकाच्या ब्राउझरात ठेवते ती छोटी चिठ्ठी, तिचं काम त्या बिल्ल्याएवढंच. तिच्यात लांबलचक रँडम सेशन नंबर (सर्व्हरवरच्या त्या गिऱ्हाइकाच्या नोंदीचा नंबर) ठेवा, बाकी सगळा माल सर्व्हरवर. उलट केलंत तर काय होतं ते बघा. एका कुकीला जागा ४०९६ बाइट. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइटचं, आणि कुकीसाठी एनकोड केलं, म्हणजे तिला चालतील अशा चिन्हांत लिहिलं, की ९ चं. काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. नुसत्या 'कोकम आगळ'चे ६६ बाइट होतात. त्याला वजन, भाव, फोटोचा पत्ता जोडा, दहा-बारा जिनसांत डबा भरला. आणि भरला तरी ब्राउझर बोंबलत नाही. नवी कुकी गुपचूप टाकून देतो, जुनी तशीच राहते. गिऱ्हाईक फणसपोळी तीनदा टाकतं आणि ती कार्टमध्ये येतच नाही.

भाव कुकीत ठेवणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. ब्राउझरातली डेव्हलपर टूल्स उघडून २४०० चे २४ करायला कितीसा वेळ लागतो?

माडावरचा
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घ्यायला जीभ अडखळली का?

नाव, भाव, फोटो कुकीत ठेवा असं मी लिहिलंय कुठे? बारा जिनसांच्या दुकानाला कोड आणि नग पुरतात. ५०१:२,७०३:१. झाले ११ बाइट. भाव दर वेळी सर्व्हरवरच्या फायलीतून वाचायचा. कुकीतली ढवळाढवळ पकडणाऱ्या सही-बिहीची गरज नाही, कारण गिऱ्हाइकाने कुकीत नग बदलला तर बदलू दे, तो त्याचाच नग आहे.

आता तुमच्या बिल्ल्याकडे वळू. पीएचपीत (सर्व्हरवर साइट चालवणारी भाषा) सेशनची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. स्वस्त होस्टिंगवर सगळ्या शेजाऱ्यांच्या सेशन फायली बरेचदा एकाच फोल्डरात असतात, त्यामुळे तुम्ही मुदत वाढवलीत तरी शेजारच्या साइटची सफाई तुमच्याही फायली उचलते. बाई कुळथाचं पीठ टाकून जेवायला उठल्या, परत आल्या तर कार्ट रिकामं. बिल्ला हातात आहे, चपला झाडूवाल्याने नेल्या.

आणि इतिहास काढायचाच तर, १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुलीने कुकी काढली तीच मुळी अर्धवट व्यवहार सर्व्हरवर साठवायला लागू नयेत म्हणून.

सुरंगी
दोघांचंही अर्धंअर्धं चुकतंय.

माडावरचे, कुकीच्या मूल्यात स्वल्पविराम, अर्धविराम आणि मोकळी जागा चालत नाही. पीएचपीतली कुकी पाठवणारी setcookie अशी चिन्हं आणि तुमचा ':' एनकोड करते, म्हणून तुमच्या ११ चे १७ बाइट होतात. टिंब आणि आडवी रेघ वापरा, ती जशीच्या तशी जातात. नग मात्र तपासायलाच हवा. कुणी उणे ३ लिहिलं तर काजूच्या बिलातून आंब्याचे पैसे वजा होतील. पूर्णांक, १ ते २० मध्ये, आणि कोड यादीत आहे ना, एवढं बघा.

खाडीकाठ, सेशनसाठी स्वतःचं फोल्डर करा, पब्लिक फोल्डरच्या बाहेर. सेशनची मुदत आणि कुकीची मुदत दोन्ही ६०४८०० सेकंद, म्हणजे ७ दिवस. पीएचपी ती कुकी दर भेटीला नव्याने पाठवत नाही, म्हणून मुदत पहिल्या भेटीपासून मोजली जाते. ती पुढे ढकलायची तर कुकी आपणच पुन्हा पाठवायची.

आणि कार्टची कुकी जावास्क्रिप्टने लिहीत असाल तर सफारी ती २०१९ पासून ७ दिवसांतच पुसते. सर्व्हरने पाठवलेल्या कुकीला सहसा ही कात्री लागत नाही.

घाटाखाली
कार्ट कुठेही ठेवा हो, बुडतं ते पैसे भरून परत येताना! खात्यातून पैसे गेलेले, साइट म्हणते कार्ट रिकामं. आणि शिव्या गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेला.

माडावरचा
मग कोणाला देणार? परत तोच पाठवतो ना?

घाटाखाली
पाठवतो, पण बरेच गेटवे पोस्टने, म्हणजे फॉर्म भरून धाडल्यासारखं पाठवतात. दुसऱ्या साइटवरून पोस्ट आलं की क्रोम लॅक्स कुकी (दुसऱ्या साइटवरून साध्या लिंकने आलं तरच जाणारी) सोबत देत नाही, आणि २०२० पासून सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येताना कुकी द्यायची की नाही ही सूचना, लिहिलंच नसेल तर ती लॅक्सच धरली जाते. त्यात एक सवलत आहे, आणि तीच दगा देते. सेमसाइट न लिहिलेली कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल तर पोस्टबरोबर जाते. साइट करणारा रत्नागिरीत वायफायवर बसून दीड मिनिटात चाचणी उरकतो, सगळं छान. गिऱ्हाईक आधी अर्धा तास आंबा की आमरस यात घालवतं, मग ओटीपीसाठी रेंज शोधत गडग्यावर चढतं. दोन मिनिटं कधीच उलटलेली.

खाडीकाठ
सेमसाइट नन (कुठूनही आलं तरी कुकी द्या) आणि सिक्युअर (फक्त https वर द्या) लावा, संपला विषय.

घाटाखाली
संपला कसा? एका पानासाठी अख्ख्या साइटची कुकी उघडी टाकायची? परतीच्या पानावर सेशन सुरूच करू नका. सुरू केलंत की कुकी न दिसल्याने सर्व्हर नवा बिल्ला देतो आणि जुना त्याच्याखाली मरतो. पोस्टमधला ऑर्डर नंबर घ्या, गेटवेची सही (निरोप त्याचाच आहे याची खूण) तपासा, ऑर्डर डेटाबेसात 'पैसे आले' करा आणि ३०३ ने (ब्राउझरला दुसऱ्या पानावर वळवणारं सर्व्हरचं उत्तर) 'आभार' पानावर पाठवा. ते पान गेटने, म्हणजे साध्या लिंकसारखं उघडतं, तिथे जुनी कुकी आपोआप मिळते. कार्ट तिथे रिकामं करा, आधी नाही. आणि टॅब मध्येच बंद झाला तर? त्यासाठी गेटवेचा वेबहुक, म्हणजे तो थेट तुमच्या सर्व्हरला धाडतो तो निरोप घ्या, तो ब्राउझरवर अवलंबून नसतो.

माडावरचा
म्हणजे ऑर्डरला डेटाबेस लागतोच, असं वळसे घेऊन सांगताय.

घाटाखाली
वळसे नाहीत. तुम्ही वाचलं नाहीत.

वायंगण
मगे कार्ट व्हया कित्याक? फोन करा, पेटी बांदून ठेवतंव.

बरं, मराठीत. कुणी पेटी कार्टमध्ये टाकली की ती इतरांना 'संपली' दिसते, हे सात दिवस चाललं तर आंबा अढीतच सडेल. याचं काय?

सुरंगी
कार्टमध्ये टाकली म्हणून पेटी अडवायचीच नाही. 'पैसे भरा' दाबल्यावर १५ मिनिटं अडवा, नाही भरले तर सोडा. भावही तेव्हाच पुन्हा काढा आणि बदलला असेल तर ठळक दाखवा. एप्रिलच्या शेवटी भरलेलं कार्ट मे महिन्यात उघडलं तर भाव तोच राहत नाही.

खाडीकाठ
बारा जिनसा, नुसते कोड, भाव सर्व्हरवर, नग तपासलेला, एवढं सगळं पाळलं तर कुकीतलं कार्ट चालेल. मान्य. पाळणारे किती, ते आभारांच्या रांगेत विचारा.

माडावरचा
उपकार झाले. 'डेटाबेस कशाला'च्या जागी 'कार्टला डेटाबेस कशाला' असं करतो. बाकी अक्षर हलवणार नाही.

सुरंगी
तो स्वल्पविराम तेवढा हलवा.